उजव्या हातातला चुडा

लग्नाआधी कासारणीनं माझ्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला आणि विचारलं, "दुखतंय का गं?" दुखत नव्हतं. मी फक्त विचार करत होते, आता गिटार वाजवायची कशी.

गिटार मी छावणीतल्या एका म्हाताऱ्या सरांकडे शिकले. गाणाऱ्याच्या मागं बसून साथ देणं त्यांना मान्यच नव्हतं. एक माणूस, एक गिटार, त्यातच सूर आणि त्यातच ताल. स्पेनच्या फ्लॅमेंको ढंगात तारा छेडता छेडता लाकडावर बोटांची थाप मारायची. जॅझचे सूर मध्येच भलत्या गल्लीत शिरतात आणि तरी वेळेवर घरी येतात. त्यात मी कव्वालीच्या टाळ्यांचं वजन मिसळलं. सरांनी विचारलं, "ये किसका है?" मी म्हटलं, "माझं."

लग्न होऊन बजाजनगरला आले. नवरा वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला, की मी गिटार काढायची. डावा हात वर असतो, त्यातल्या बांगड्या कोपराकडे सरकून गप्प बसतात. उजवा मात्र गिटारीवर टेकलेला. बांगड्या लाकडावर खडखडायच्या, आणि थाप जोरात पडली की एखादी जायचीच. आठवड्यात तीन गेल्या.

सासूबाई दौलताबादकडच्या, शेतकऱ्याघरच्या. बांगडी फुटली असं तोंडानं म्हणायच्या नाहीत. काचा वेचत म्हणाल्या, "तीन वाढल्या. माझ्या लेकाच्या जिवाला काय झालं म्हंजे? ठिव ते माळ्यावर."

"किती दिवस?"

"चुडा हाय तवर."

"आणि मग?"

"मग लेकरं व्हतील. कुठं वाजवतीस?"

मला संताप आला. बांगड्यांपेक्षा त्या 'मग'चा जास्त आला. मोरीत गेले, उजव्या हाताला साबण लावला आणि उरलेल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. सगळ्या डाव्या हातात चढवल्या. मनगट लालभडक झालं. बाहेर येऊन म्हटलं, "आई, चुडा हातातच आहे. पण हा हात गिटारीचा."

चार दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी बजावलं, दोन्ही हात भरलेले असतील तरच बायकांपुढं यायचं. मी आले, गिटार घेऊन आले आणि सतरंजीवर बसून वाजवायला लागले. सगळ्यांचे डोळे माझ्या उजव्या मनगटावर. बराच वेळ वाट पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं, "पण गाणं कवा सुरू व्हायचं?"

"हेच गाणं आहे, काकू," मी म्हटलं आणि पुढची थाप मुद्दाम जोरात दिली.

कुणी वाहवा केली नाही. दोघी वाण घेऊन उठल्या. सासूबाई चहाच्या निमित्तानं आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मी शेवटपर्यंत वाजवलं.

पुढं कितीतरी वर्षं त्या माझा उजवा हात पाहून सुस्कारा टाकायच्या. त्यांची भीती खोटी नव्हती, मला वाईट वाटायचं. पण हात काही मी भरला नाही.

आता त्या नाहीत. ज्याच्या जिवाला माझा रिकामा हात बाधणार होता, तो निवृत्त झालाय, पोट सुटलंय, आणि मी वाजवायला बसले की शेजारच्या खुर्चीत घोरतो. घोरणं तालात आडवं आलं, की मी एक सणसणीत थाप मारते. दचकून उठतो. धडधाकट आहे.