ऑपरेटरबाईंनी सगळ्यांवर खुणा केल्या

ऑपरेटरबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डापुढे गेली. दोन माणसांची गाठ घालून द्यायची आणि ती बोलायला लागली की आपण निमूट बाजूला व्हायचं. पलीकडून कोणी "अगं, एक गंमत झाली" म्हणायचं, आणि नेमका तिथेच बाईंना कान काढून घ्यावा लागायचा. निवृत्त झाल्या तेव्हा अशा कितीतरी अर्धवट गमती त्यांच्या डोक्यात अडकून पडल्या होत्या. रिकामपण नको म्हणून त्यांनी इमारतीच्या नोटिसा टाईप करून द्यायचं काम अंगावर घेतलं.

पण त्यांचा कॉम्प्युटर पार थकला होता. तो सुरू होईस्तोवर भाजी चिरून व्हायची. शेवटी भाची म्हणाली की मावशी, यावर लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टिम टाकू, पोरासारखा पळेल. तिने पेनड्राइव्ह पाठवला आणि रविवारी दुपारी ती फोनवरून एकेक पायरी सांगत बसली. बाई खुर्चीत, आणि शेजारी स्टुलावर त्यांचे यजमान. ते गोदामात स्टोअरकीपर होते. कोणी मागितल्याशिवाय एक खिळाही भरून ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा घरातही चालायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली. प्रत्येक ओळीपुढे रिकामा चौकोन. भाचीने समजावलं, "मावशी, मुख्य गोष्टी आपोआप येतायत. या यादीतल्या सगळ्या ऐच्छिक आहेत. हवं त्यावर खूण कर. नंतरही घालता येतात." एवढं सांगून ती दारावर कोण आलंय ते बघायला उठली.

"मग नंतरच बघू," यजमान लगेच म्हणाले.

"अहो, या घरात नंतरवर टाकलेलं काही झालंय का कधी?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिली खूण केली.

तारे दाखवणारा प्रोग्राम. खूण. पक्ष्यांचे आवाज ओळखणारा. खूण. भूकंपाचे आलेख, विणकामाचे नमुने, गाण्यांचं स्वरलेखन, बुद्धिबळ, कधी न ऐकलेल्या लिप्यांचे फाँट. बाईंचा हात थांबेना. इतकी माणसं काहीतरी सांगायला ताटकळत उभी आहेत, आणि आज कान काढून घ्यायला लावणारं कोणी नाही, असं त्यांना वाटत होतं. त्या चक्क गुणगुणायला लागल्या. यजमान दर ओळीला "हे कशाला?" विचारत होते. मग गोदामात खोकी ढकलून जागेवर लावायचा एक खेळ आला. यजमानांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाले, "हा असू दे."

यादी संपली आणि कॉम्प्युटरने सांगितलं की एवढं सगळं मावणार नाही. कशावरची तरी खूण काढणं भाग होतं. दोघांनी यादी पुन्हा वरपासून बघितली. त्यातल्या त्यात रटाळ काय, तर 'कार्यालयीन कामकाज'. शिवाय जागाही तेच सगळ्यात जास्त खात होतं. यजमान म्हणाले, "आता कुठलं ऑफिस आपल्याला?" बाईंनी खूण काढली. भाची फोनवर परतली तोवर कॉम्प्युटर कामाला लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी आले. गुरुवारी पाण्याची टाकी धुणार होते, नोटीस तासाभरात हवी होती. हा माणूस हसला तर बातमी व्हायची. बाई टाईप करायला बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की नोटिसा लिहायचा प्रोग्रामच आपण वगळलाय. भाचीचा फोन बंद. शोधता शोधता अक्षरं उमटतील अशी एकच जागा त्यांना सापडली, ती स्वरलेखनात, सुरांच्या खाली. तिथे एकेका अक्षराला सूर द्यावा लागत होता. बाईंनी तो दिला. 'पाणी बंद राहील' खालच्या सुरात गेलं, 'बादल्या भरून ठेवाव्यात' थेट वर चढलं. त्यांनी ते वाजवून पाहिलं, यजमानांनी स्टुलावर ठेका धरला, आणि नोटीस सुरांसकट छापून निघाली.

संध्याकाळी खालच्या दारातून गलका ऐकू आला. तिसऱ्या मजल्यावरचे, हौसेने पेटी वाजवणारे दातांचे डॉक्टर नोटिशीपुढे उभे राहून ती सुरात वाचत होते. त्यांना जिन्यातल्या दोन शिक्षिकांनी साथ दिली. रात्रीच्या जेवणापर्यंत लिफ्टमध्ये, गच्चीवर, बंद दारांमागे बादल्या वरच्या पट्टीत भरल्या जात होत्या. गुरुवारी पाण्यासाठी कोणीही कोणाचं दार ठोठावलं नाही. एरवी प्रत्येक वेळी निम्मी इमारत विसरायची.

फोनवर सगळं ऐकल्यावर भाचीला हसून हसून ठसका लागला. ती म्हणाली की नोटिसांचा प्रोग्राम आत्ता घालते, जागा करून देते. तेवढ्यात दाराची बेल वाजली. सेक्रेटरी हातातला कागद उगाच सरळ करत उभे होते.

"जिन्याला रंग द्यायचाय," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "हे जरा उडत्या चालीत बसेल का?"