पेगलवाडी ते पहिने, माझ्या हातांनी

परवाच्या श्रावणी सोमवारी मी ब्रह्मगिरीची फेरी केली... म्हणजे अख्खी नाही. त्र्यंबकच्या डोंगराला पूर्ण वळसा घालणं व्हीलचेअरवर शक्यच नाही, पुढे नुसता चिखल आणि दगड. पण पेगलवाडी फाटा ते पहिने हा टप्पा डांबरी आहे, आणि तेवढा मला जमणार असं मनानं घेतलं होतं.

यावरून घरात भांडणही झालं. अपघातानंतर मी कुठेही गेले की कुणीतरी मागून ढकलतं, आणि मला त्याचा कंटाळा आलाय. म्हणून नवऱ्याला निक्षून सांगितलं... कार घेऊन पहिन्यात थांबायचं, माझ्या चाकांना हात लावायचा नाही.

नवऱ्यानं ऐकलं हो, पण फेरीतल्या भाविकांचं काय करणार! थोडं पुढे गेलं की कुणीतरी "बम बम भोले" म्हणत मागचं हँडल पकडायचं. फेरीत मदत केली की पुण्य मिळतं ना... मी आधी हसून, मग न हसता नको म्हणत राहिले. एका काकांना तर चक्क सांगितलं, दुसरं कुणीतरी बघा.

मग उतार लागला आणि पुन्हा हँडलवर हात पडला. मी मान वळवली, चांगलं झापायच्या तयारीत... मागे साठीच्या एक मावशी, कळवणकडच्या, अनवाणी. सोबतच्या बायका त्यांना सोडून पुढे गेल्या होत्या.

"ताई, गाडीला धरून चालू का? उताराला गुडघा लय दुखतो."

मी चाकांवरची पकड घट्ट केली. मग म्हटलं, धरा की!

उतारभर त्यांचा भार हँडलवर, आणि ब्रेक म्हणजे माझे तळहात. हातमोज्यांतूनही चटके बसत होते... चाक सुटलं तर दोघीही गेलो असतो, म्हणून जपून सोडत होते. मावशी मात्र निवांत, सुनेच्या तक्रारी सांगत चालल्या होत्या. मी घामाघूम झाले, पण थांबूया म्हणाले नाही.

पहिन्याच्या टपरीवर त्यांच्या सोबतच्या बायका चहा घेत होत्या. त्यातल्या एकीनं मावशींना कौतुकानं विचारलं, ताईंना इथवर ढकलत आणलं का?

मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मी कुठली ढकलते... हिनंच आणलं मला."

नवरा शेजारीच उभा होता. त्याच्यासमोरच मला रडू आलं.

तळहात अजून लाल आहेत आणि मला स्वतःचा प्रचंड अभिमान वाटतोय. नाशिकच्या व्हीलचेअरवाल्यांनो, हा टप्पा जमतो, जरूर जा. आणि मावशी, तुमचे आभार कसे मानू... अपघातानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भरवशावर चाललं.