विजेचा दुसरा डाग

विमानतळावर त्याला सगळे भिंगवाला म्हणत. विमानाला विजेचा फटका बसला की शिडी लावून, भिंग घेऊन तो त्याचं अंगन् अंग तपासायचा. वीज एकीकडून शिरते, दुसरीकडून निघून जाते; दोन्ही डाग सापडेपर्यंत विमान हलू द्यायचं नाही, हा त्याचा खाक्या. घरीही तेच. बायको चिडली की विचारायचा, "राग शिरला कुठून ते कळलं, आता निघणार कुठून?" तो अर्थातच त्याच्यावर निघायचा.

आठ दिवसांसाठी आलेल्या सासूबाई त्या दुपारी तीन महिन्यांनी परत निघाल्या होत्या. तीन महिने त्याच्या खुर्चीत बसून त्यांनी त्याला "आमचे स्क्रू पिळणारे जावई" म्हटलं होतं. त्याने बॅगा जवळजवळ नाचतच पोचवल्या. उद्यापासून पंधरा दिवसांची रजाही टाकली होती, निव्वळ त्या खुर्चीत बसायला. आणि सासूबाईंना न्यायचं विमान विजेचा फटका खाऊन उतरलं. आता बोला.

नाकावर मसुराएवढा डाग मिळाला. दुसरा काही मिळेना. पंख पाहून झाले, पोट पाहून झालं.

"अहो, गेली असेल ती वीज," मॅनेजर शिडीखालून म्हणाला. "आत बसून राहिलीय थोडीच? करा सही."

तेवढ्यात बायकोचा फोन. "आईचं विमान कोणी अडवलंय?"

"मी."

"रद्द झालं तर ती कुठे येईल, कळतंय ना तुम्हाला?"

कळत होतं. पेन दोनदा खिशातून निघालं. त्याला खरोखर रडू येत होतं. पण सासू झाली तरी माणूसच, आणि त्यांच्याबरोबर शंभरजण ज्यांनी त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं. पेन दोनदा परत गेलं.

संध्याकाळी शेपटाच्या टोकाला, पत्रे जोडणारा एक रिव्हेट वितळलेला सापडला; हाच दुसरा डाग. दुरुस्ती उद्या, विमान रद्द. सासूबाई बॅगांसकट पुन्हा खुर्चीत.

"सही केली असती तर मी आत्ता आकाशात असते?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या उठल्या. "बसा जावईबापू."

तीन महिन्यांत पहिल्यांदा तो आपल्या खुर्चीत बसला.

"यापुढे तुम्ही तपासल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "उद्या कामावर आहात ना?"

"उद्यापासून रजा आहे. पंधरा दिवस."

"मग थांबते मी," त्या म्हणाल्या. "उठा आता, पाय दुखतायत माझे."