चौदा मिनिटं

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मंजुषा लोनबलेचं दुकान आहे. पाटीवर ‘मोबाईल रिपेअरिंग’ एवढंच लिहिलंय, पण आरमोरीपर्यंतचे दुकानदार आपल्याला न जमलेले बोर्ड तिच्याकडेच पाठवतात. नवरा गेल्यावर ती नागपूरला राहून हे काम शिकली. बोलते कमी. मायक्रोस्कोपखाली तिचा हात हलत नाही.

मार्चअखेरच्या एका सोमवारी प्रफुल्ल तिच्याकडे कॉम्प्युटर घेऊन आला. तो एका संस्थेसाठी जंगलात झाडांना कॅमेरे बांधायचा. समोरून काही गेलं की त्यांत आपोआप फोटो निघतो. असे चाळीस हजार फोटो त्याने आदल्याच दिवशी गोळा केले होते. बहुतेकांत हललेलं गवत, नाहीतर गुरं. त्यातून वाघ वेगळे काढणारा प्रोग्राम ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नव्हता, आणि ते कार्ड प्रफुल्लच्याच हातून गेलं होतं. धूळ साफ करायला काढताना स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि मागच्या बाजूचे तिळाएवढे पार्ट खरवडत गेला.

“ताई, जरा लवकर पाहा,” तो म्हणाला. “तुमच्या गावाकडचे फोटो आहेत. तिकडं दोन बकऱ्या गेल्या ना, म्हणून कॅमेरे लावले.”

मंजुषाचं माहेर तिथून बारा किलोमीटरवर, जंगलाला पाठ लावून. तिची माय रुखमाबाई तिथे एकटीच राहते. मोहफुलांचा हंगाम सुरू होता, आणि माय रोज फटफटायच्या आत टोपली घेऊन निघायची. तिचं झाड बाकीच्यांपासून दूर, नाल्यापलीकडे.

मंजुषाने दुसरं काम बाजूला सारलं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर तीन कपॅसिटर उडाले होते आणि तांब्याची एक रेघ तुटली होती. एवढ्याशा पार्टवर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे कोणता कुठे लावायचा हे कळायला मार्ग नाही. तिने भंगारातून तसंच एक मेलेलं कार्ड शोधलं, त्याच जागांवरचे कपॅसिटर गरम हवेने उचलले आणि इकडे बसवले. तुटलेली रेघ केसासारख्या तारेने जोडली. मंगळवारची संध्याकाळ झाली.

त्याच संध्याकाळी मायचा फोन आला. शेजारच्या लटारूचं कुत्रं अंगणातून नाहीसं झालं होतं, दोरी तशीच खुंट्याला. मंजुषाने सांगून पाहिलं की दोन दिवस जाऊ नको. माय म्हणाली, फुलं काय माझ्यासाठी थांबून राहतील?

बुधवारी कार्ड चालू केलं. स्क्रीन उजळली, हिरवे चौकोन उमटले आणि सगळं काळं झालं. प्रफुल्लचे तीन फोन येऊन गेले. मंजुषाने पुन्हा एकेक पार्ट मोजला. घाई करून चूक झाली तर मुख्य चिपच जळणार हे तिला ठाऊक होतं, आणि तरी तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे जात होतं. गुरुवारी सकाळी मेमरीजवळच्या एका रेझिस्टरला तिने सुईचं टोक लावलं आणि तो दोन तुकडे होऊन हलला. आतून तडकला होता. वरून काही दिसत नव्हतं. तो बदलल्यावर स्क्रीन टिकली.

प्रफुल्ल आला, त्याने प्रोग्राम लावला. दुपारी बाराच्या सुमारास फोटो निघायला लागले.

पहिल्या फोटोत नाल्याची वाट होती आणि वाटेवर वाघ. प्रफुल्लने त्याच कॅमेऱ्याचे आधीचे फोटो उघडले. त्याच वाटेने, त्याच पहाटे, डोक्यावर टोपली घेतलेली रुखमाबाई गेली होती. फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते. मागच्या आठवड्यात बुधवारी माय गेल्यावर पन्नास मिनिटांनी वाघ आला होता. गुरुवारी पस्तीस. शुक्रवारी वीस. शनिवारी चौदा.

त्यापुढचे फोटो हातात नव्हते. रविवारी पहाटेच प्रफुल्लने कॅमेरे रिकामे केले होते. मधले पाच दिवस त्या वाटेवर काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मायचा फोन लागेना. मंजुषाने शटर ओढलं आणि स्कूटी काढली. मागून प्रफुल्ल मोटारसायकलवर.

माय अंगणात बसून कालची फुलं पालटत होती. आजची टोपली रिकामीच भिंतीला टेकलेली.

“आज अर्ध्यातूनच आली वापस,” ती म्हणाली. “पाखरं चूप होती.”

मंजुषाने फोटोंचं सांगितलं. मायने हात थांबवला नाही.

“मागून कोणी येऊन राह्यलं, हे समजत होतं मले.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“वळून पाह्यलंच नाई मी. पाह्यलं असतं तर पाय उचलले नसते.”

प्रफुल्लने त्याच दुपारी वनरक्षकांना फोटो दाखवले. गावात दवंडी फिरली, बाया घरी बसल्या. आठ दिवस मोहाची फुलं झाडाखाली पडून कुजली. कॅमेऱ्यांत चितळं ती खाताना दिसत होती. वाघ एकाही फोटोत नव्हता. प्रफुल्ल म्हणाला, गेला असेल.

“गेला म्हणजे कुठी गेला?” रुखमाबाईने विचारलं.

नवव्या दिवशी सहा बाया काठ्या घेऊन, ऊन वर आल्यावर निघाल्या. मोठ्याने बोलत. मंजुषा दुकान बंद ठेवून त्यांच्यासोबत गेली आणि मुद्दाम सगळ्यात मागे चालली, मायच्या पाठीशी. दर दहा पावलांवर ती वळून पाहत होती. वाट रिकामी होती. नाला ओलांडला तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढच्या बायांचं बोलणं केव्हाचंच थांबलंय.

त्या दिवशी सगळ्या घरी परतल्या. हंगाम संपेपर्यंत ती रोज सकाळी तशीच मागून चालत गेली आणि दुकान दुपारून उघडलं. वाघ पुन्हा कोणत्याच फोटोत आला नाही, पण गावात त्याने कुणी निर्धास्त झालं नाही.