तुंगनाथच्या वाटेवर हरवलेलं लिंग

डोंगर चढल्याने देव भेटतो, यावर माझा विश्वास नव्हता. वालूरला आमच्या लिंगायत घरात प्रत्येकाच्या गळ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं इष्टलिंग, म्हणजे महादेवाचं छोटं लिंग, असे. महादेव छातीशी असताना हिमालयात कशाला जायचं, असं मी सासूबाईंना विचारलंही होतं. पण तिथल्या तुंगनाथच्या महादेवाचा त्यांचा ध्यास मोठा, आणि सोबतीला दुसरं कुणी नव्हतं. निजामाच्या राजवटीतल्या त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी सेलूला आगगाडीत बसलो आणि बऱ्याच दिवसांनी तुंगनाथच्या पायवाटेला लागलो.

वाट दगड बसवलेली, म्हाताऱ्या माणसांनाही झेपेल अशी. देऊळ थोडंच दूर राहिलं असताना सासूबाईंनी गळ्याला हात लावला आणि त्या मटकन खाली बसल्या. दोरा तुटून लिंग कुठेतरी पडलं होतं.

“लिंग गवसल्याबिगर मी पान्याचा घोट घेणार न्हाई,” त्या म्हणाल्या. विरळ हवेने त्यांना आधीच धाप लागली होती. मला भीती वाटली.

मी मागे फिरले. दोन्ही बाजूंना हिरवं कुरण, त्यात पिवळी रानफुलं, आणि वरून धुकं उतरत आलेलं. गुडघे टेकून मी गवत चाचपत राहिले. बोटं बधिर झाली. शेवटी तिथेच बसले आणि म्हणाले, “महादेवा, माज्यानं आता होत न्हाई. तुजं तूच बघ.” नवससुद्धा बोलले नाही. का कोण जाणे, मन एकदम हलकं झालं.

थोड्या वेळाने धुक्यातून घंटांचा आवाज आला. शेळ्या होत्या, मागे एक पहाडी बाई. आमच्याकडच्या दखनी हिंदीत मी तिला विचारलं. ती हसली आणि लाळेने भिजलेली पांढरी पुरचुंडी तिने माझ्या हातावर ठेवली. तिची शेळी ती चघळत होती म्हणे. आत लिंग जसंच्या तसं होतं.

तिला नि शेळ्यांना घेऊन मी वर परतले. सासूबाईंनी लिंग धुतलं, डोळ्यांना लावलं आणि त्या पाणी प्यायल्या. मग त्यांनी विचारलं, “कोन्ती शेळी?” बाईने दाखवली, तर ह्या तिला गूळ भरवून चक्क तिच्या पाया पडल्या. आम्ही तिघी हसत सुटलो. तेवढ्यात धुकं फाटलं आणि समोर बर्फाची शिखरं उजळली.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. आपण होईल तेवढं शोधावं, मग हात सैल सोडावेत, एवढं मात्र तिथे उमगलं. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर मी विचारलं, “आत्याबाई, देवाला काय मागितलंत?”

त्या थबकल्या आणि खुदकन हसल्या. “मागायचं ध्यानातच राह्यलं न्हाई गं.”