आईचं घड्याळ उजव्या हातात

माझी आई पळण्यामुळे गेली नाही.

आज वर्ष झालं, म्हणून एकदा स्पष्ट लिहिते. आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आमच्याच मांडवात कुणीतरी म्हणालं, "स्टेंट टाकलेल्या बाईनं कशाला पळायचं?" तेव्हा उत्तर द्यायचं बळ नव्हतं.

आज आहे.

आई आंबीच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. एकवीस वर्षं उभ्यानं काम. पंचावन्नाव्या वर्षी छातीत दुखलं, स्टेंट टाकावा लागला. पुढे आठ महिने चालणं आणि गोळ्या.

मग एका तपासणीला तिनं डॉक्टरांना विचारलं, "आता पळू का?"

शाळेत ती पळण्यात पहिली यायची. सातवीला शाळा सुटली, पळणंही सुटलं. हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या. म्हणाले, हळू पळा, पण पल्स एकशेतीसच्या वर जाऊ द्यायची नाही. पळताना पल्स दाखवणारं घड्याळ घ्या.

तळेगावच्या दुकानात सेल्समननं गुलाबी पट्ट्याचं घड्याळ काढलं.

"मावशी, यात कॉल पण घेता येतो."

"फोन हाय की माझ्याकडं. उन्हात आकडा दिसतो का?"

आणि ती घड्याळ घेऊन सरळ दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. सेल्समन मागे धावला. अशी पाच घड्याळं तिनं उन्हात नेली. शेवटी एक काळं, जाडजूड, बटणांचं घेतलं.

"घामानं बोट सरकतं. बटनच पायजे."

संध्याकाळी मी ते फोनला जोडलं. वय, वजन, उंची भरली. एकशेतीसला अलार्म लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोरावाडी स्टेशनच्या रस्त्यावर आम्ही जीपीएस लागायची वाट बघत उभ्या. अजून एक पाऊलही टाकलं नव्हतं, आणि आकडा दिसला एकशे शहात्तर.

मी रिक्षा शोधायला लागले.

आईनं गळ्याला दोन बोटं लावली, मिनिटभर मोजलं. "ब्याऐंशी. मी बरी हाय. ह्येच येडं झालंय."

पट्टा आवळला, घड्याळ वर सरकवलं. कधी भलताच आकडा, कधी नुसत्या रेघा.

"परत करू या," मी म्हटलं.

"थांब. पॅकिंगला वजनाचा काटा चुकला की आमी आधी टेबल बदलून बघायचो."

तिनं घड्याळ डाव्या हातातून काढून उजव्यात घातलं. चौऱ्याऐंशी.

मग तिनं डावं मनगट माझ्यापुढे धरलं. तिथे तिचं गोंदण होतं. लहानपणी आज्जीनं गोंदवून घेतलेलं हिरवं फूल, मनगटभर पसरलेलं.

नंतर वाचलं, तर खरंच तसं होतं. पल्स मोजायला घड्याळ मनगटावर सोडतं तो उजेड गोंदणाच्या शाईत अडकतो. मी सेटिंगमध्ये 'उजवा हात' केलं.

पुढच्या वर्षी लोणावळ्यात दहा किलोमीटरची रेस. कट-ऑफ पावणेदोन तास, त्याच्या आत पोचलं तरच मेडल. मी तिच्यासोबत.

चढ लागला आणि घड्याळ वाजलं. आई चालायला लागली. मागचे सगळे पुढे गेले. सपाटी आली, ती पळाली. परत चढ, परत अलार्म, परत चालणं.

"आई, आजच्या दिवस बंद कर ना तो अलार्म. वेळ जातोय."

"डॉक्टरला शब्द दिलाय मी."

आम्ही पोचलो तेव्हा फिनिशची कमान उतरवत होते. मेडल नाही. एका बाकड्यावर बसून तिनं केळं खाल्लं. मला रडू येत होतं. ती म्हणाली, "दम न्हाई कमी पडला. चढाला चालायचा वेग कमी पडला. त्यो वाढवायचा."

वर्षभर तिनं तेच केलं. आठवड्यातून तीनदा सोमाटण्याच्या बाजूचा चढ, फक्त झपाझप चालत. "पळताय का फिरताय, मावशी?" असं हसणारे होते. ती थांबून उत्तर द्यायची नाही.

दुसऱ्या वर्षी, एक तास एकोणचाळीस मिनिटं. चढाला तीनदा अलार्म वाजला, तिन्ही वेळा ती चालली. मेडल गळ्यात घालून घरापर्यंत आली.

त्यानंतर दीड वर्षानं पोटाचा कॅन्सर निघाला. चार महिन्यांत संपलं. ऑपरेशनआधी हृदय तपासलं तेव्हा हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले होते, "हार्टची काळजी नाही. ते छान आहे."

आई तेवढ्या आजारपणातही हसली होती.

काल सुमनमावशींचा फोन आला. आईच्या बरोबरीच्या, गुडघ्यांना वैतागलेल्या. म्हणाल्या, "मला बी सुरू करायचंय. उशीर झाला का गं?"

मी म्हटलं, "न्हाई. सोमवारी आधी डॉक्टरकडे जाऊ. मी येते सोबत."

आई, तुझी लेक तुला मान ताठ ठेवून निरोप देतेय.

जय भीम.