काँक्रीटवर टाच दाबत चालणारा माणूस

मंडळी, आधी माझी साक्ष ऐका, मग काय हसायचं ते हसा. मी विज्ञानाचा मास्तर. लिंबातून रक्त काढणारे, नारळातून धूर काढणारे, अंगठीतून कुंकू पाडणारे असे कितीतरी महाराज मी भर चौकात उघडे पाडले आहेत, आणि खरं सांगतो, मला त्यात भारी मजा येते. आमच्या गावात तर म्हणच पडली आहे, मास्तर घरी असला की देवी अंगातून लवकर निघते! असा मी या भुताखेतांच्या सदरात लिहायला बसलोय, यावरूनच समजा की माझी काय अवस्था झाली असेल...

गाव गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरीपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण गावात अजून तो विषय ताजा आहे. आमच्या पूर्वजांनी बांधलेला मोठा तलाव, त्याची मातीची लांब पाळ, म्हणजे बांध, आणि पाळीखाली धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं. आणि आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक काम — पाणकराचं. म्हणजे तलावाचं तुडूम, पाणी सोडायचं दार, उघडून प्रत्येकाच्या बांधीला आळीपाळीने पाणी सोडायचं, आणि पावसाळ्यात रोज संध्याकाळी पाळीवरून फेरी मारायची. वडिलांनंतर ते काम माझ्या मोठ्या भावाकडे आलं. मी पुस्तकं घेतली, दादाने पाळ घेतली.

दादाची फेरी बघण्यासारखी असायची. अनवाणी चालायचा. दर तिसऱ्या पावलाला उजवी टाच जमिनीत दाबायचा आणि क्षणभर थांबायचा. माती आतून भिजली असेल तर टाचेला ते डोळ्यांआधी कळतं, म्हणायचा. टाच दबली की तिथे एक खुटा ठोकायचा. मग पाळ उतरून खाली जायचा आणि पाणी बाहेर जिथे झिरपतंय तिथे दुसरा. खुटे ऐनाच्या लाकडाचे, टोक जाळलेलं, आणि दरवर्षी नवे; त्या-त्या वर्षाच्या खुट्यांना वेगळ्या खाचा. सकाळी घरटी एक माणूस माती घेऊन यायचा, दोन्ही खुट्यांमधली जागा ठोकून भरायची, खुटे उपटायचे. विषय संपला. खुटा जमिनीत राहिला म्हणजे काम राहिलं.

चार पावसाळ्यांपूर्वी पाळ फुटली.

रात्रभर धो-धो पाऊस. पहाटे पाळीचं मधलं तोंड उघडलं आणि खालच्या सगळ्या बांध्यांवर कमरेएवढी रेती बसली. माणूस कोणी गेला नाही, पण निसवायला, लोंब्या सुटायला आलेलं धान गेलं. आणि आदल्याच संध्याकाळी दादा अंगणात पाय धुताना कोसळला होता. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

गाव म्हणालं, पाणकराने फेरी मारलीच नाही. बरं वाटत नव्हतं तर दुसऱ्या कोणाला सांगायचं होतं. वहिनी घसा कोरडा होईतो सांगत राहिली, "फेरी मारूनच आले जी हे, पायाले चिखल होता, मीच पानी देल्लं पाय धुवाले." पण बायको नवऱ्याच्याच बाजूने बोलणार, असं लोकांनी धरलं.

दादाला खाटेसकट सभेत आणलं. विचारलं, फेरी मारली? त्याने मान हलवली. खुटा कुठे आहे? वरचा तर पाळीबरोबर वाहून गेलेला. खालचा? दादाने डावा हात उचलला आणि तिरपा, पार एका बाजूला नेला. पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच तिरपा. लोकांनी फुटलेल्या जागेच्या सरळ खाली खणून पाहिलं, काही नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं... मी शिकलेला ना! मी उभा राहिलो आणि समजावून सांगितलं की मेंदूला मार बसला की हाताला दिशा कळत नाही, त्या हातावर विसंबता येणार नाही. पुरावा नसेल तर मानता येत नाही. स्वच्छ, मुद्देसूद बोललो. आवाजही छान लागला होता.

दादा आठ महिने जगला. त्या आठ महिन्यांत त्याने माझ्यासमोर तो हात पुन्हा कधी उचलला नाही.

आमच्याकडे उन्हाळी धानाला पहिलं पाणी सोडताना तुडुमाजवळ नारळ फुटतो आणि गावातला वडीलधारा माणूस आजवरच्या सगळ्या पाणकरांची नावं घेतो. दादा गेल्यावर ती नावं आमच्या वडिलांपाशी थांबायला लागली. वहिनी दरवर्षी पाळीच्या खाली उभी राहून ऐकायची आणि गुपचूप घरी जायची. हे एवढं पाठीमागचं. आता गंमत सांगतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा-नाटकांचा, मोसम सुरू झाला. मी झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करतो — मिशा, काळा कोट, हा-हा-हा, सगळं! तर एका गावी नायिकेला पळवून नेताना स्टेजची फळी सरकली, नायिका वर राहिली आणि खलनायक खाली गेला. पायाला प्लास्टर. दीड महिना घरी.

माझी मुलगी पल्लवी नागपूरला शिकते. ती दिवाळीला आली होती, जाताना तिचा हातात धरून खेळायचा गेम माझ्याकडे सोडून गेली. "बाबा, यात तुम्ही फुल टाइम गुंड. गाड्या चोरा, पोलिसांना पळवा, कुठेही फिरा. पण मम्मीले नका त्रास देऊ."

मला विचाराल तर स्वर्ग! समुद्रकाठचं कुठलंतरी परदेशी शहर, उंच इमारती, आणि मी त्यात चोर. दुपारी जेवण झालं की खाटेवर पाय पसरायचा आणि शहरात हैदोस. बायको म्हणायची, "पोरायले नीतिमूल्य शिकवते आन् इतं बसून पोलिसाची गाडी पळवून राहिला!" चार दिवसांत मी आगीचा बंब चोरायला शिकलो.

तो बंब घेऊनच मी शहराबाहेर डोंगरात निघालो. तिथे एक धरण लागलं. मोठं, काँक्रीटचं, पांढरंधोप. गावचा माणूस, तलाव दिसला की थांबणारच. थांबलो. भिंतीवरून एक माणूस चालत येत होता.

त्या गेममध्ये रस्त्यावर माणसं असतातच. फोनवर बोलतात, धक्का दिला तर शिव्या देतात. हा करड्या पँटीतला, साधासा. चेहरा धड दिसत नव्हता. मी हॉर्न दिला, हलला नाही. मग मी, माझ्यातल्या खलनायकाला शोभेल असं, पिस्तूल काढलं आणि त्याच्यावर तीन गोळ्या झाडल्या. गेममधली माणसं गोळी ऐकली की किंचाळत पळतात. हा चालत राहिला. एक, दोन, तीन... आणि उजवी टाच दाबून क्षणभर थांबला. एक, दोन, तीन... टाच.

काँक्रीटवर, मंडळी! काँक्रीटमध्ये कोण ओल शोधतो?

मी गेम बंद केला. पाणी प्यायलो. स्वतःला सांगितलं की बनवणाऱ्याने चालण्याचे दहा-बारा नमुने ठेवलेले असतात, त्यातला हा एक लंगडा असेल. दुखऱ्या पायाच्या गोळ्यांनी डोकंही जड होतंच. उत्तर मिळालं, झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. यावेळी पुरावा ठेवायचा म्हणून गेममधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबून गेलो. माणूस होता. भिंतीच्या मधोमध त्याची टाच थांबली. तो वाकला आणि हात वर-खाली करू लागला, ठोकल्यासारखा. मग भिंतीच्या कडेने बाहेरचा उतार उतरला. सरळ नाही. डावीकडे, तिरपा. मी माझा गुंड त्याच्या मागे चालवला आणि पावलं मोजली, कारण मास्तराला मोजल्याशिवाय राहवत नाही. बेचाळीस. तिथे एक तुटकं खोड होतं. तो खोडाच्या उजव्या अंगाला बसला, पुन्हा ठोकलं, आणि मग... मग तिथे कोणी नव्हतं. नुसतं खोड.

आमच्या पाळीखाली डाव्या अंगाला मोहाचं एक खोड आहे. पाळ फुटली तेव्हा ते झाड मोडलं होतं.

आता माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गप्प बसायचं किंवा खणायचं. खणलं आणि काही निघालं नाही, तर जन्मभर मीच माझ्यावर हसणार. पण खणलंच नाही तर... तो तिरपा हात मला आठवत राहणार होता. मी चिंतामणला फोन लावला. चिंतामण माझा बालमित्र, फुटलेल्या पाळीखाली सगळ्यात जास्त रेती बसली ती त्याच्या बांधीत, आणि सभेत दादाला सगळ्यात कडक बोलला होता तोच. ती जागाही त्याचीच.

तो मोटरसायकल घेऊन आला. मी प्लास्टरचा पाय काठीसारखा पुढे धरून मागे बसलो. धान कापून झालं होतं, बांध्या कोरड्या.

"काऊन आनलास मले इतं?" तो म्हणाला. "मोडक्या पायानं खोड पाहाले आला का बे?"

"खण. खोडाच्या उजव्या अंगाला."

"कायले?"

"खण म्हटलं ना!"

"खजिना हाय का? अर्धा माहा," म्हणत त्याने कुदळ मारली. हातभर रेती काढली. मग काळी माती लागली. आणि मग कुदळ लाकडाला लागली.

ऐनाचा खुटा. टोक जाळलेलं. वरच्या बाजूला तीन खाचा, त्या सालच्या. जमिनीत अजून घट्ट. कोणी न उपटलेला.

चिंतामण खड्ड्याच्या कडेवर बसला. खाचांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पानी तिरपं निंगत होतं... मास्तर, दादा हात तिरपाच दाखवून राहिला होता ना बे."

"हो."

"आपून काय म्हनलो होतो?"

मी काय म्हणालो होतो ते त्याला पाठ होतं, मलाही.

गावाला सांगायचं कसं, हा पुढचा पेच. खोटं बोलता आलं असतं, नांगरताना सापडला म्हणून. चिंतामण तर तयारच होता. पण आधीच एकदा मी फार छान बोललो होतो. म्हणून सभेत खुटा ठेवला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं — बंब, धरण, टाच, बेचाळीस पावलं. वाटलं, आता लोक मला वेडा ठरवतील.

कसलं काय! खुट्याच्या खाचा पाहायला दोन म्हातारे पुढे आले. बाकी सगळा गाव उठला तो गेम पाहायला. ज्या गावाला मी पाव शतक पुरावा पुरावा करून शिकवलं, त्याने पुराव्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि भुतावर डोळे मिटून विश्वास ठेवला. कोणीतरी तर पाळीवर दादाचा दगड बसवून शेंदूर लावू म्हणालं, आणि नारळ फोडायला बोट माझ्याकडेच! मी हात जोडून सांगितलं, दगड नको, फक्त नाव घ्या.

रेकॉर्डिंग उघडायचं कसं ते मला येत नव्हतं, म्हणून पल्लवी संक्रांतीला आली तेव्हा मी तिला ते दाखवलं. म्हणजे, दाखवायला गेलो. त्यात धरणाची भिंत रिकामी आहे. माझा गुंड एकटाच, कोणाच्यातरी मागे चालल्यासारखा हळूहळू चालतो, थांबतो, तिरपा उतरतो आणि खोडाशी जाऊन उभा राहतो. पावलं बेचाळीसच. पण पुढे कोणी नाही.

"बाबा," पोरगी म्हणाली, "तुमच्याच डोक्यात काकांचा हात राहिला असेल. तुम्हीच स्वतःला नेलं."

असेल. मीही हेच समजावून सांगितलं असतं, आणि चांगल्या आवाजात. पण हात तिरपा होता एवढंच मला माहीत होतं. किती पावलं, कुठलं खोड, त्याचं कुठलं अंग, हे त्या हाताने कधी सांगितलं नव्हतं. आणि पल्लवीने तो गेम सगळा खेळलेला आहे. त्या धरणावर कधी कोणी चालत नाही, म्हणते.

यंदा पहिलं पाणी सोडताना नारळ फुटला. नावं सुरू झाली. आमच्या आजोबांचं झालं, वडिलांचं झालं... आणि दादाचं नाव आलं. चिंतामणने मान खाली घातली. वहिनी नेहमीच्याच जागी उभी होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, बस्स. तुडुमातून पाणी सुटलं तसे सगळे तिकडे धावले, आणि आम्ही दोघं घराकडे निघालो. मी काठी टेकत, ती माझ्या चालीने हळू.

मला वाटलं, आता ती रडेल, मला काहीतरी बोलेल, निदान शिव्या तरी देईल. मी त्याची तयारी ठेवली होती. ती वळणापर्यंत माझ्या बरोबरीने चालली. मग थांबून म्हणाली,

"भाऊजी, एक विचारू? तुमी तं त्याइचा भरोसा नाई केला. मी केला. पयल्या दिसापासून केला. तीन साल त्याइची वाट पाहून राहिली मी, एकदा तरी सपनात येतीन म्हनून. मंग ते तुमच्याकडे आले... माह्याकडे काऊन नाई आले?"

बाकी सगळ्याला, मंडळी, जोर लावला तर मी काहीतरी कारण शोधून काढीन. मास्तर आहे, सवयच आहे. पण वहिनीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती रोज समोरच्या अंगणात दिसते, आणि मी खिडकी लावून घेतो.